देवमाशाची खतावणी

खान्देशातल्या माणसाला देवमासा भेटतो तो फक्त पेपरात. ‘व्हेलच्या उलटीची तस्करी, तिघे ताब्यात’ अशी बातमी अधूनमधून येते आणि पारोळ्याच्या स्टँडवर चहा पिताना कुणीतरी हमखास म्हणतं, ‘उलटीला एवढा भाव, तर अख्ख्याला काय असेल भो!’ त्यापलीकडे आमचा संबंध नाही. सगळ्यात जवळचा समुद्र सुरतेकडचा, आणि तिकडे आमची माणसं जातात ती कामधंद्याला, समुद्र बघायला नाही.

त्यामुळे गेल्या दिवाळीनंतर मुलीने पुण्याहून जो फोटो पाठवला, तो आधी मला कळलाच नाही. एका जुन्या वहीचं पान. पिवळा पडलेला कागद, उजवीकडे कललेलं इंग्रजी अक्षर, रोजची तारीख, वारा कुठून, पाऊस होता की नव्हता. आणि समासात शिक्क्याने उठवलेला, बोटाच्या पेराएवढा काळा मासा. माशाच्या पोटात मुद्दाम कोरी सोडलेली पांढरी खिडकी, आणि त्या खिडकीत शाईने लिहिलेलं, ४५.

ती हवामानावर काहीतरी प्रोजेक्ट करते. दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वीची शिकारी जहाजं रोज वारा आणि हवा टिपून ठेवायची, आता त्याच वह्यांतून त्या काळचा समुद्र कसा होता हे शोधतात म्हणे. तिने लिहिलं होतं, ‘पप्पा, हे घाणेरडं अक्षर तुम्हालाच लागेल. आणि हा आकडा कसला?’

मी एकतीस वर्षं धुळ्याच्या एका तेल गिरणीत हिशोब लिहिला. कीर्द, खतावणी, सरकी किती आली, तेल किती निघालं, ढेप किती गेली. समासात माशाचं चित्र आणि पोटात आकडा म्हटल्यावर मला फार डोकं खाजवावं लागलं नाही. तिला कळवलं, ‘तेल. पंचेचाळीस पिंपं. हे मालआवकेचं रजिस्टर आहे.’ नंतर तिने विचारून घेतलं, तर तसंच निघालं. देवमासा मारला की शिक्का उठवायचा आणि कढवून किती पिंपं तेल झालं ते पोटात लिहायचं. हातून निसटला, तर नुसती पाण्यात जाणारी शेपटी उठवायची. काही पानांवर शेपट्याच शेपट्या आहेत.

तेव्हापासून मला नादच लागला. बायको म्हणते, रिटायर झाल्यावर लोक गजानन महाराजांची पोथी धरतात, यांनी मासा धरला.

आधी माप सांगतो. त्यांचं पिंप साडेएकतीस गॅलनचं, म्हणजे ११९ लिटर. आपल्या पंधरा किलोच्या डब्यात मोजलं तर एका पिंपाचे सात डबे. पंचेचाळीस पिंपांचा मासा म्हणजे सव्वातीनशेच्या आसपास डबे एका जिवातून. सरकीला शंभर किलोमागे दहा-बारा किलो तेल सुटलं तरी आमचा मिस्त्री खूश असायचा, त्यामुळे हा आकडा पाहून मला आधी दया वगैरे आली नाही. आधी उतारा आठवला. खोटं कशाला बोलू.

सगळ्यात भारी माल स्पर्म व्हेलचा. त्याच्या प्रचंड डोक्यात एक पोकळी असते आणि तिच्यात तेलासारखा मेणचट पदार्थ. थंड झाला की पांढरा गोठतो. त्याच्या मेणबत्त्या इतक्या स्वच्छ जळायच्या, की इंग्रजांनी १८६० मध्ये उजेडाचं मापच त्यावर बसवलं. या मेणाची ठरावीक वजनाची बत्ती ठरावीक वेगाने जळताना जेवढा उजेड देते, तो एक कँडलपॉवर. आणि जे पातळ तेल उरायचं, ते थंडीत दाट होत नाही, चिकटत नाही. म्हणून ते गेलं घड्याळांत आणि कापडगिरण्यांच्या चात्यांना, म्हणजे सूत कातणाऱ्या फिरत्या दांड्यांना. हे वाचून मी थोडा थांबलो. कापूस आमचा, सरकी आमची, चात्या आमच्याकडेही अंमळनेरला, जळगावला फिरल्या. पण कधीकाळी लोकांच्या चात्या माशाच्या तेलावर फिरत होत्या, हे एकतीस वर्षं तेलात काढून मला कुणी सांगितलं नव्हतं.

या धंद्याची बाजारपेठ अमेरिकेच्या किनाऱ्यावर. आधी नँटकेट नावाचं बेट, मग न्यू बेडफर्ड. १८५७ मध्ये एकट्या न्यू बेडफर्डची ३२९ जहाजं या कामावर होती. एकदा निघालेलं जहाज तीन-चार वर्षांनी परत यायचं. मासा दिसला की जहाजावरून होड्या उतरवायच्या, तीसेक फुटी, एका होडीत सहा माणसं. पुढचा गडी वल्हं टाकून भाला मारणार. भाल्याला दोर, दोर टबात वेटोळं करून ठेवलेला, आणि मासा पळायला लागला की तो दोर लाकडी खुंट्यावरून इतक्या वेगाने सुटायचा, की खुंटा पेटू नये म्हणून त्यावर पाणी मारावं लागे. मासा दमेपर्यंत होडी त्याच्यामागे फरफटत. एकदा आमच्याकडे पोळ्याला बुजलेल्या बैलाने कासरा धरलेल्या पोराला असंच वेशीपर्यंत नेलं होतं. त्याने कासरा का सोडला नाही, हे तो आजही सांगू शकत नाही.

पण मला खरं गुंतवलं ते मारण्याने नाही, कढवण्याने. जहाज लाकडाचं, डांबराचं, दोरांचं. आणि त्याच्या डेकवर विटांची भट्टी! भट्टीत दोन मोठ्या लोखंडी कढया. खालची लाकडं पेटू नयेत म्हणून विटांखाली पाण्याचं कुंड. माशाची चरबी आधी घोंगडीएवढ्या पट्ट्यांत सोलायची, मग तुकडे, मग त्या तुकड्यांना इतके बारीक काप द्यायचे की ते पुस्तकाच्या पानांसारखे उघडायचे. खलाशी त्यांना बायबलची पानंच म्हणत. भट्टी सुरुवातीला लाकडावर पेटवायची. एकदा तेल सुटलं की वर तरंगणारे कुरकुरीत चोथे काढून तेच भट्टीत घालायचे. म्हणजे मासा स्वतःच्याच जळणावर कढायचा. आमच्या गिरणीत शेंगांचा हंगाम असला की बॉयलर शेंगांच्या टरफलांवर चालायचा. शेठ मोठ्या अभिमानाने पाहुण्यांना सांगत, जळणाचा खर्च शून्य. तो खर्च मी रोजमेळात शून्य दाखवत होतो, म्हणून मला ते चोथे लगेच ओळखू आले.

वासाचं तर सांगायलाच नको. गिरणीत असताना माझ्या शर्टाला सरकीच्या तेलाचा वास असा मुरला होता, की पारोळ्याच्या एसटीत शेजारचा माणूस खिडकी उघडायचा. आणि हे लोक तीन-चार वर्षं त्या धुरात.

आता पगार. इथून माझा विषय सुरू होतो.

या जहाजांवर पगार नव्हता. हिस्सा होता. परत आल्यावर माल विकायचा आणि ज्याचा जो हिस्सा ठरला तो त्याला. कप्तानाला साधारण पंधरावा-सोळावा. नव्या, काही न येणाऱ्या पोराला पावणेदोनशेवा, दोनशेवा. ऐकायला फार न्यायाचं वाटतं, सगळे भागीदार. मी एक हिशोब मांडून पाहिला. धरून चाला की जहाजाने दोन हजार पिंपं आणली, म्हणजे ६३ हजार गॅलन. भाव सव्वा डॉलर. एकूण ७८,७५० डॉलर. पावणेदोनशेवा हिस्सा बरोबर ४५० डॉलर. साडेतीन वर्षं भागिले केली तर महिन्याला पावणेअकरा डॉलरसुद्धा नाहीत. आणि ही फक्त जमा बाजू आहे.

नावे बाजूला काय? निघताना कपडे, चाकू, पेटी घ्यायला दिलेली उचल, व्याजासह. जहाजावरच्या दुकानपेटीतून घेतलेली पँट, बूट, तंबाखू, किनाऱ्यापेक्षा चढ्या भावाने, कारण भर समुद्रात दुसरं दुकान कुठलं? औषधाच्या पेटीचा खर्च. माल चढवण्या-उतरवण्याचा खर्च. सगळं वजा जाता काहींच्या हातात चारदोन नोटा पडायच्या, आणि काही साडेतीन वर्षं मासे मारून देणेकरी होऊन उतरायचे. मग तोच मालक म्हणायचा, फिटत नाही ना, चल पुढच्या फेरीला.

हे मी आप्पांना वाचून दाखवलं. माझे वडील, वय चौऱ्याऐंशी, एका कानाने कमी ऐकतात आणि दुसऱ्या कानाने सोयीने. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘समिंदरमा बी सालदार व्हतात का रे?’

खान्देशाबाहेरच्या लोकांसाठी सांगतो. सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणारा गडी. आमच्याकडे साल ठरतं आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. त्या दिवशी गावात बाया झोक्यावर गाणी म्हणतात, खापरावरची पुरणपोळी आणि आंब्याचा रस असतो, आणि ओट्यावर मालक-सालदारांची बोलणी चालतात. अमुक रुपये, अमुक ज्वारी, एक घोंगडी, एक जोडा. त्यातली बरीच रक्कम उचल म्हणून आधीच घेतलेली असते, बहिणीच्या लग्नाला किंवा घरावर पत्रे टाकायला. मग वर्षभर पहाटे बैलांचं वैरण-पाणी ते रात्री मोटेवर. आजारी पडलं की खाडा, खाड्याचे पैसे वजा. वर्षाअखेरीस बाकी मालकाकडे निघण्यापेक्षा सालदारावर निघायची, आणि ती फेडायला पुढचं साल. आप्पांनी सात सालं अशी काढली.

मी हिशोबनीस झालो यात त्यांच्या सात सालांचा हात आहे. दरवर्षी आखाजीला मालकाच्या मुनीमाने वाचून दाखवलेली बाकी ते मान खाली घालून ऐकत, आणि घरी येऊन आजीला म्हणत, पोरगं वही वाचणारं झालं पाहिजे. झालं. वही वाचता आल्यावर मला पहिली गोष्ट कळली ती ही, की बेरीज सहसा बरोबरच असते. लबाडी बेरजेत कोण करेल? ती भावात असते.

न्यू बेडफर्डच्या वह्याही तशाच नीटनेटक्या. तिथून जहाजावर जाणाऱ्या प्रत्येक खलाशाचं नाव, वय, उंची, कातडीचा रंग, केसांचा रंग लिहून ठेवायचे. त्या याद्या आता कुणालाही बघता येतात. अझोर्स बेटांवरचे, केप व्हर्देचे, गुलामीतून पळालेले काळे, आसपासच्या शेतावरची गोरी पोरं. पुन्हा पुन्हा एक शेरा भेटतो. अमुक बंदरात पळाला. पळाला की त्याचा आजवरचा सगळा हिस्सा बुडाला. वर्ष-दीड वर्षाची मेहनत मालकाच्या जमेला.

त्याच गावात लुईस टेंपल नावाचा एक काळा लोहार होता. जुने भाले माशाच्या अंगातून निसटायचे. याने १८४८ च्या सुमारास भाल्याचं टोक असं केलं, की आत शिरल्यावर ते आडवं फिरून अडकावं. सगळ्या जहाजांनी ते उचललं. याने पेटंट घेतलं नाही. इतर लोहारांनी हजारोंनी ते भाले ठोकले. पुढे रात्री रस्त्यात गटाराच्या कामाजवळ पडून तो जायबंदी झाला, आणि १८५४ मध्ये मेला. मागे राहिलेली मालमत्ता बहुतेक कर्जातच गेली. आमच्या गावच्या लोहाराने पेरणीच्या तिफणीचा एक फण असाच बदलला होता. तो फण चार तालुके वापरतात, आणि लोहाराच्या पोराला ते ठाऊकही नाही.

माशाने उलटा हल्ला केला ती ‘एसेक्स’ जहाजाची गोष्ट आप्पांना पटली नाही. १८२० च्या नोव्हेंबरात पॅसिफिकमध्ये एका स्पर्म व्हेलने डोक्याने धडका देऊन ते फोडलं. वीस माणसं होड्यांतून निघाली. जवळच्या बेटांवर माणसं खाणारे लोक असतील या भीतीने त्यांनी लांबचा रस्ता धरला, आणि शेवटी तेच एकमेकांना खायची वेळ आली. आठ वाचले. कप्तान पोलार्ड म्हातारपणी नँटकेटला रात्रीचा पहारा करायचा. आप्पा म्हणाले, मासा धडक मारेल हे खरं, पण कप्तान पहारेकरी होईल हे खोटं. मालक मंडळी खाली येत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. कप्तान मालक नसतो, हे मी त्यांना दोनदा सांगितलं. शेवटी मुकादम म्हटल्यावर पटलं.

धंदा बुडाला तो दोन-तीन घावांनी. १८५९ मध्ये पेनसिल्व्हेनियात जमिनीतून खनिज तेल काढलं आणि घासलेट आलं. मग १८६१ ला अमेरिकेत यादवी पेटली. उत्तरेने जुनी शिकारी जहाजं दगड भरून चार्ल्स्टन बंदराच्या तोंडाशी बुडवली, आणि दक्षिणेच्या ‘शेनान्डोआ’ने १८६५ मध्ये, लढाई संपल्यावरसुद्धा, बेरिंग समुद्रात शिकारी जहाजं पकडून जाळली. हीच ती लढाई, जिच्यामुळे अमेरिकेचा कापूस बंद झाला आणि आमच्या खान्देशच्या कापसाला सोन्याचा भाव आला. तिकडे जहाजं बुडत होती आणि इकडे जळगावात गाठी चढत होत्या. १८७१ मध्ये आर्क्टिकच्या बर्फात ३३ जहाजं अडकली आणि सोडून द्यावी लागली. १,२१९ माणसं होड्यांतून बाहेर पडली, एकही मेलं नाही. मालकांच्या वह्यांत ते वर्ष काळं असेल. मला त्या सगळ्या कहाण्यांत हीच एक आवडते.

पण देवमासा त्यामुळे सुटला नाही. नॉर्वेच्या स्वेन फॉयनने तोफेतून सुटणारा, आत जाऊन फुटणारा भाला आणला आणि वाफेची बोट आणली. जे निळे देवमासे वल्ह्याच्या होडीला कधी सापडत नव्हते, ते सापडू लागले. पुढे अख्खा मासा ओढून घेणारी कारखाना-जहाजं. १९३०-३१ च्या एका हंगामात अंटार्क्टिकेत २९ हजारांहून जास्त निळे देवमासे मारले. एवढं तेल कशाला, दिवे तर विजेचे झाले होते? तर तेलात हायड्रोजन सोडून ते घट्ट करायची युक्ती निघाली होती. जी युक्ती आपल्याकडे डालड्याच्या डब्यात आली, तीच तिकडे देवमाशाच्या तेलाला लावून मार्गारिन केलं. लोक पावाला लावून खात होते. आमच्याकडे निदान शेंगदाणा होता. १९८२ मध्ये आंतरराष्ट्रीय आयोगाने धंद्याची शिकार थांबवायचं ठरवलं, तेव्हा कुठे.

त्या लाकडी जहाजांपैकी ‘चार्ल्स डब्ल्यू. मॉर्गन’ हे एकच शिल्लक आहे. १८४१ ला पाण्यात उतरलं, ऐंशी वर्षांत ३७ फेऱ्या केल्या, आता अमेरिकेतल्याच मिस्टिक गावच्या संग्रहालयात आहे. २०१४ मध्ये डागडुजी करून ते पुन्हा समुद्रात नेलं. भट्टी जागेवर आहे. मुलीने फोटो दाखवला, तर आप्पांनी कढयांवर बोट ठेवून विचारलं, ‘गूळनी का?’

आता जे सांगायचं म्हणून हे सगळं लिहायला घेतलं, ते.

आखाजीच्या आधी आप्पांच्या जुन्या मालकाच्या नातवाचा फोन आला. वाडा पाडताहेत, माळ्यावर वह्यांचे गठ्ठे आहेत, काका तुम्ही बघून सांगा काय ठेवायचं. तो पोरगा चांगला आहे, त्याचा यात काही दोष नाही. मी दोन दिवस धुळीत बसलो. लाल कापडाच्या वह्या, काहींना वाळवी. १९७१-७२ ची मिळाली. आप्पांचं नाव सापडलं.

जमा: आठ महिन्यांचे ४३३ रुपये. नावे: मागील बाकी ७१. उचल ३००. खर्ची १०५. घोंगडी १८. खाडे १४ दिवसांचे २५. एकूण ५१९. खाली, पौष महिन्यात, वळणदार अक्षरात: ‘पळाला. बाकी ८६.’

आप्पा सुरतेला गेले होते हे घरात सगळ्यांना माहीत होतं. चार वर्षं कापडाच्या कारखान्यात. पण सांगताना ते नेहमी ‘सुरतले कामले गऊ व्हतू’ एवढंच सांगत. पळाले होते, हे मला त्या दिवशी कळलं, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, मुनीमाच्या हस्ताक्षरात. सवयीने मी आधी बेरीज तपासली. एका पैशाची चूक नव्हती. खरं तर जहाजवाल्यांपेक्षा हा मालक बरा. पळालेल्याचे आठ महिने जमा तरी धरले.

फोटो काढून घेतला. दोन दिवस त्यांना दाखवला नाही. मग संध्याकाळी ओट्यावर बसले असताना त्या शेपट्यांचं पान काढून दाखवलं, निसटलेल्या माशांचं. ते मोबाईल डोळ्यांजवळ नेऊन मोजू लागले, एका पानात अकरा. ‘इतला पयी ग्यात?’ म्हणाले, आणि हसले. तेव्हा मी बोटाने पुढचा फोटो सरकवला आणि वाचून दाखवलं, सगळं, ओळीने.

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. गल्लीत कुणाच्या तरी घरी झोका बांधत होते, पोरींचा गलका चालला होता. मला वाटलं, ऐकू आलं नसेल, पुन्हा वाचायला घेतलं.

‘घोंगडी मी तठेच ठी उनू व्हतू,’ आप्पा म्हणाले. ‘गोठामा, खुटीवर. ती जमा धरी का त्यासनी?’

मी फोटो मोठा करून पुन्हा बघितला. घोंगडी, १८. नावे.